भिवराबाईच्या विहिरीतला तांबडा थर

ऊन डोक्यावर आलं, बाया घरोघर भाकरी थापायला बसल्या, की भिवराबाई घागर घेऊन पाण्याला निघायची. वाडीचं पाणी म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला झिरा. सकाळी तिथं बायांची रीघ लागायची, पण त्या रिघेत भिवराबाई नसायची. तिला कुणी हटकलं होतं, शिवी दिली होती, असं काही नाही. तिनं घागर भरली की मागची बाई झिऱ्यातलं उरलेलं पाणी वाटीनं उपसून बाहेर फेकायची आणि नवं पाणी झिरपायची वाट बघत बसायची, एवढंच. ते दोन-चारदा डोळ्यांनी बघितलं आणि भिवराबाईनं आपली वेळ बदलून टाकली. भर दुपारी तापल्या वाळूतून जायचं, पाय भाजायचे, मान अवघडायची. पण वाटी घेऊन उपसणारं मागं कुणी नसायचं.

वाडी नारायणगडाच्या पलीकडे, बालाघाटच्या माळावर होती. भिवराबाईचं माहेर चकलांब्याचं, गोदावरीच्या अंगच्या काळ्या रानातलं. तिथं तिच्या बापाच्या विहिरीला वाकलं तर हात लागेल इतक्यावर पाणी. लग्न होऊन ती या माळावर आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात नवऱ्याला, बंकटला म्हणाली, "एवढं रान हाय आन एक ईर न्हाई. कावून न्हाई?"

बंकट कमी बोलणारा गडी. त्यानं उत्तर दिलं नाही, पण पुढच्या उन्हाळ्यात सिदू वडाराला बोलावून आणलं आणि घराच्या मागं जागा आखली. वर हातभर माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या खडक. भुरकट, भोकाभोकांचा, आणि प्रत्येक भोकात पांढऱ्या गारगोट्या चमकणाऱ्या. तिथपर्यंत सगळं हसतखेळत झालं. मग काळा पाषाण लागला आणि हसणं थांबलं. घण मारला की ठिणगी उडायची, तुकडा मात्र निघायचा नाही. शेतीची कामं संपली की उन्हाळ्यात खणायचं, पेरणी आली की थांबायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. लोक म्हणायचे, बंकट्या बायकोच्या हट्टापायी पाताळात चाललाय. भिवराबाई टोपल्या ओढायची. तिच्या तळहाताला दोराचे घट्टे पडले ते कायमचे.

ज्या साली मानमोडीची साथ आली त्या साली पाऊसही धड झाला नव्हता. रानात काम नव्हतं म्हणून भादव्यातही खणणं चालूच होतं. एक दिवस सिदूची पहार काळ्या पाषाणातून एकदम आत रुतली. त्यानं ओढून काढली तर टोकाला तांबडी माती. ओली, लोण्यासारखी मऊ, आणि रंग असा की बघवेना. दुसऱ्या दिवशी तळाशी पाणी पाझरलं होतं, तेही तांबडं. सिदू वर आला तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत रंगलेले होते. तो बंकटला म्हणाला, "मालक, मी लई ईरी खणल्या. पर असं न्हाई पाह्यलं. भुईला घाव बसलाय. मी आता उतरत न्हाई." आणि हत्यारं गोळा करून निघून गेला.

त्यानंतर महिना गेला असेल नसेल, मानमोडी वाडीत शिरली. ताप यायचा, अंग मोडायचं, माणूस निळं पडायचं. सरणाला लाकडं पुरेनात. बंकट गेला. त्याच्या थोरल्या भावाची, आश्रुबाची, बायको गेली आणि मागोमाग त्याचा एकुलता एक पोरगा उत्तरेश्वर गेला. पोराला पोचवून आल्यावर आश्रुबा अंगणात उभा राहिला आणि भावजयीच्या दाराकडं तोंड करून सगळ्यांच्या देखत बोलला, "हिनं भुईचं पोट फाडलं. भुईनं आपलं रगत वसूल केलं."

त्या दिवसापासून त्या विहिरीकडं कुणी फिरकलं नाही. आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त विश्वास त्या बोलण्यावर भिवराबाईचाच बसला. हट्ट तिचा होता. बंकटला तीच म्हणाली होती. पोटी मूल नव्हतं, त्यामुळं तिच्या बाजूनं बोलणारं घरात कुणी उरलं नाही. आश्रुबा दोघांचं रान करायचा, तिच्या वाट्याचं धान्य बिनचूक दारात आणून ठेवायचा, पण बोलायचा नाही. ती दर अमावास्येला विहिरीच्या काठावर हळदकुंकू वाहायची आणि भुईला म्हणायची, बास कर माय, चुकलं माझं. अशी दहा वर्षं गेली. ती रडत वगैरे नव्हती. रडायलाही अंगात काही शिल्लक लागतं.

मग एका हिवाळ्यात वाडीबाहेरच्या चिंचेखाली तंबू लागला. हैदराबादहून कुणी सरकारी साहेब आला होता, नाव फय्याजुद्दीन. वयानं उतरलेला, दमेकरी, डोक्यावर काळी तुर्की टोपी, हातात छोटा हातोडा. दिवसभर डोंगरउतारावर दगड फोडायचा, तुकडे कापडात बांधून पेटीत ठेवायचा. लोक हसायचे, "सरकारला दगडाची काय कमी पडली?" दगड फोडायला त्यानं जवळपासचा वडार मागितला, आणि आला तो नेमका सिदू. आता केस पिकलेला, पाठीत वाकलेला.

सिदूच्याच तोंडून साहेबाला त्या खोल विहिरीचं कळलं. पाटलाकरवी हुकूम सोडता आला असता, पण तो स्वतः भिवराबाईच्या दारात आला. चढ चढून त्याला धाप लागली होती. बाहेरच्या दगडावर बसून तो नुसता श्वास घेत राहिला.

"अम्मा," शेवटी तो म्हणाला, "तुमची बावडी बघायची होती. आत उतरून."

"ती ईर न्हाई, सायब," भिवराबाई म्हणाली. "जखम हाय. तिथं कुणी उतरत नसतं."

साहेबानं टोपी काढून कपाळ पुसलं. म्हणाला, "मग थोडं पाणी तरी द्या."

तिनं घागरीत तांब्या बुडवला, त्यानं ओंजळ पुढं केली, ती ओतत राहिली. ओतता ओतता तिच्या ध्यानात आलं की आपल्या हातचं पाणी कुणी प्यायल्याला किती वर्षं झाली हे आपल्याला आठवत नाही. ओंजळीबाहेर पाणी सांडायला लागलं. साहेबानं वर पाहिलं. तिला बोलायचं नव्हतं, पण तिथंच उंबऱ्यात बसून तिनं सगळं सांगितलं. काळा पाषाण, तांबडं पाणी, मानमोडी, थोरल्या दिराचे शब्द. सांगताना तिचा आवाज दुसऱ्या कुणाबद्दल बोलावं तसा सपाट होता.

साहेब हसला नाही. म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर ओढ्याच्या खालच्या अंगाला चला. सिदूलाही घेऊ. मी समजवण्यापेक्षा तुम्ही बघा."

दुसऱ्या दिवशी ती फडक्यात भाकरी बांधून निघाली. ओढा वाडी सोडून खाली उतरतो तिथं त्यानं डोंगर कापत नेलाय. दोन्ही बाजूंना उभे कडे, माणसाची वहिवाट नाही. धनगर तेवढे शेरडं घेऊन जातात. चालून चालून पाय भरून आले तेव्हा साहेब थांबला आणि हातोड्यानं वर दाखवलं.

कड्याच्या मधोमध तांबडा पट्टा होता. वर काळा पाषाण, खाली भुरकट मांजऱ्या खडक आणि मधे ती माती. तोच रंग. एका कड्यातून दुसऱ्या कड्यात, वळणामागं वळण, नजर पोचेल तिथवर तो पट्टा गेला होता. जागोजागी मऊ माती झडून कपारी झाल्या होत्या आणि त्या कपारींच्या सावलीत शेळ्या रवंथ करत बसल्या होत्या.

सिदू जवळ गेला, बोटानं माती उकरली, अंगठ्यावर चोळली. "तीच हाय," तो हळूच म्हणाला. "बाई, तीच हाय."

भिवराबाईनंही ती माती बोटांत धरून बघितली. मग तिनं विचारलं, "हितं कुणी खणलं, सायब?"

"कुणी नाही. ओढ्यानं कापलं."

"मंग ओढ्याला काय झालं?"

"काही नाही. वाहतोय."

ती खाली बसली. साहेबही शेजारच्या दगडावर टेकला आणि दख्खनी-मराठीची मिसळ करत सांगायला लागला. ही माती म्हणजे रक्त नाही, जुनं रान आहे. फार फार पूर्वी इथं वितळलेला दगड आला, गुळाच्या काहिलीतल्या पाकासारखा, आणि मैलोनमैल पसरला. मग थंड झाला, थांबला. त्यावर पाऊस पडला, दगड कुजला, त्याची माती झाली. मग पुन्हा खालून आग आली आणि त्या मातीवर दगडाचा नवा थर ओतला गेला. खालची माती भाजली, दबली, तांबडी झाली. असे थरावर थर आहेत. हा सगळा बालाघाट म्हणजे ते थरच.

"आग आली कुठून?" सिदूनं विचारलं. "इकडं तर आगीचा डोंगर कुठं दिसत न्हाई."

"डोंगरातून नाही. जमीन फाटली, त्या भेगांतून."

भिवराबाई दचकली. फाटली हा शब्द तिच्या ओळखीचा होता. "कुणी फाडली?"

साहेबानं तिच्याकडं भाकरी मागितली. तिनं फडकं सोडून कालची शिळी भाकरी दिली. ती दोन्ही हातांत धरून त्यानं अंगठ्यांनी खालून हळूहळू वर दाबली. भाकरी मधे फुगली. वरच्या बाजूला बारीक चिरा पडल्या, चिरा जुळत गेल्या आणि भाकरीचे दोन तुकडे झाले.

"खालून उष्णता रेटते," तो म्हणाला. "आधी जमीन वर येते, मग ताणते, ताणून पातळ होते, मग चिरते. मधला भाग खाली बसतो. तुकडे एकमेकांपासून दूर जातात आणि मधे समुद्र शिरतो." त्यानं एक तुकडा आपल्या दगडावर ठेवला, दुसरा तिच्या बाजूला सरकवला. "हा आपला मुलूख. तो हबश्यांचा. निजाम सरकारच्या फौजेतले हबशी पाहिलेत ना? त्यांचा देश आणि हा देश एकेकाळी एकच जमीन होती. बांधाला बांध लागून. ती तुटली, आणि तुटाताटीच्या त्या काळातच इथं ही आग वर आली."

"हे तुमी पाह्यलं?" सिदूनं विचारलं.

साहेबाला खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाला, "कुणीच नाही पाहिलं. तेव्हा माणूसच नव्हता. विलायतेतले मोठे लोक अजून यावर भांडतात. कुणी म्हणतं मधली जमीन बुडाली, जर्मनीतला एक जण म्हणतो जमिनी सरकल्या. मला सरकल्याचं खरं वाटतं. पण मी चूक असू शकतो. ही माती मात्र माती आहे, त्यात चूक नाही."

"किती सालं झाली याला?" सिदूनं विचारलं.

"करोडो. मोजता येणार नाहीत इतकी. आणि फाटायलाही तशीच करोडो वर्षं लागली. एका दिवसात नाही, एका माणसानं नाही."

भिवराबाई आपल्या बाजूच्या तुकड्याकडं बघत होती. "आन आता? थांबली का जमीन?"

"बहुतेक नाही. तो जर्मन म्हणतो, अजून सरकतेच आहे."

"दमली न्हाई व्हय अजून?" ती म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याचं तिला नवल वाटलं. साहेब हसला. भाकरीचे तुकडे तिघांनी खाल्ले.

परतीच्या वाटेवर तिला हलकं वाटायला हवं होतं, तसं वाटलं नाही. उलट सगळ्या दहा वर्षांचं ओझं एकदम जाणवलं, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर मान जास्त दुखते तसं. संध्याकाळी तिनं पदर कपाळाखाली ओढला आणि थोरल्या दिराच्या ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. आश्रुबा दोर वळत बसला होता.

"दादा," ती म्हणाली. त्या घरात आल्यापासून ती त्याच्याशी समोरासमोर क्वचितच बोलली होती. "ओढ्याच्या खालच्या कड्यात तसलीच तांबडी माती हाय. कोसभर गेलीय. सिदूनं बी पाह्यली. ते रगत न्हाई."

आश्रुबाचे हात थांबले नाहीत. "सायबानं सांगितलं व्हय?"

"मी डोळ्यानं पाह्यलं."

"मंग माझं पोरगं कशानं गेलं?"

"मानमोडीनं गेलं, दादा. बीडात माणसं गेली, सिरसाळ्यात गेली. मुंबैला तर ढीग लागले म्हणत्यात. तिथं कुठं माझी ईर व्हती?"

आता हात थांबले. तो म्हणाला, "हे मला ठावं न्हाई असं वाटतं का तुला?" मग आवाज खाली आणून, "तुझ्या नावानं बोटं मोडीत व्हतो तवर जीव कुठंतरी टेकलेला व्हता. आता कुणाच्या नावानं मोडू?"

ती तशीच घरी आली आणि भाकरी न करता पडून राहिली.

दोन दिवसांनी साहेब विहिरीत उतरला. तळाचा तांबडा पाझर कधीच आटला होता. सिदूनं वर मजबूत लाकूड आडवं टाकून दोर बांधला, तंबूवरच्या गड्यांनी धरला. तो आत किती वेळ होता कुणास ठाऊक. हातोड्याची टकटक तेवढी ऐकू यायची. वर आला तेव्हा धापेनं त्याला बोलता येईना, पण चेहरा खुललेला होता. कापडात गारगोट्या, काळे तुकडे आणि मूठभर तांबडी माती होती.

"पानी लागंल का, सायब?" सिदूनं विचारलं.

"सांगता येत नाही. खालचा खडक पुन्हा भोकाचा असेल, मऊ असेल. त्यात पाणी असू शकतं, नसूही शकतं. पण एक ऐक. तांबडी माती झडली तर वरचा पाषाण लोंबकळत राहील आणि अंगावर येईल. आधी त्या थराला दगडी बांधकाम कर, मग खाली जा."

चार दिवसांनी तंबू उठला, पेट्या गाडीत चढल्या आणि साहेब गेला. पुन्हा त्या बाजूला आला नाही. त्याचं पुढं काय झालं ते वाडीत कुणाला कळलं नाही.

उन्हाळा लागला तसा सिदू आपणहून हत्यारं घेऊन आला. "बाई, मी पळून गेलतो," एवढंच म्हणाला. त्यानं तांबड्या थराला गोल भिंत बांधली आणि खाली खणायला लागला. भिवराबाई पुन्हा टोपल्या ओढायला उभी राहिली. पण आता वय झालं होतं. दुपारपर्यंत हात थरथरायचे, दोर निसटायचा. एक दिवस भरलेली टोपली अर्ध्यावर आली आणि तिच्यानं ना वर घेववेना, ना खाली सोडवेना. खाली सिदू होता. ती ओरडणार तेवढ्यात मागून दोर धरला गेला.

आश्रुबा होता. त्यानं टोपली वर घेतली, रिकामी केली, पुन्हा सोडली. "दुसरी भर बे," विहिरीत तोंड घालून ओरडला. भिवराबाईकडं पाहिलं नाही. त्या दिवसापासून तो रोज आला. दोघं दोराच्या एकाच टोकाला असायची आणि दिवस दिवस बोलायची नाहीत.

पाणी लागलं ते फार नव्हतं. मोट चालेल एवढं नाही. सकाळ-संध्याकाळ काही घागरी निघतील एवढं. पहिल्यांदा तांबूस आलं, मग निवळलं. बाया लगेच आल्या नाहीत. वैशाखात झिरा आटत आला तेव्हा एक आली, मग तिची सून आली, मग बाकीच्या. माफी कुणी मागितली नाही, मागायची असते हेही कुणाच्या मनात आलं नाही. भिवराबाईनंही दोर पुढं केला.

आश्रुबानं मात्र ते पाणी कधी तोंडाला लावलं नाही. "माझ्या पोराला इरीनं गिळलं न्हाई, कळतं मला," तो एकदा म्हणाला, "पर जीभ मानत न्हाई." तो स्वतः जाऊन झिऱ्याचं पाणी आणायचा. पुढं त्याचे गुडघे गेले, खाट धरली. तेव्हा घराच्या मागं विहीर असताना भिवराबाई त्याच्यासाठी झिऱ्यावर जायला लागली. वाडीतल्या बाया म्हणायच्या, "कावून जीव काढती? इरीचंच दे, त्याला काय कळतंय?" ती म्हणायची, "मला कळंल ना." दोन उन्हाळे तिनं ते केलं. तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडाला आश्रुबा गेला.

त्याचं दहावं-तेरावं उरकल्यावर सिदू भेटायला आला. विहिरीच्या काठावर बसून दोघं चहा प्याली. सिदू आत डोकावून म्हणाला, "बाई, अजून थोडं खाली गेलं तर पानी वाढंल. खडक मऊच हाय. औंदा घ्यायचं का हातात?"

भिवराबाईनं पाय लांब केले, पाठ कठड्याला टेकवली.

"न्हाई सिदू," ती म्हणाली. "एवढं बास."